एकशे अठ्ठ्याहत्तरवाले काका

शिवाजी पार्क, दादर
मे महिन्याचा पहिला रविवार

तीर्थस्वरूप तात्यांना,

धाकट्या मनमोहनचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो नाही. गुडघा मध्येच अडला. पण भावना पोचल्या असतील.) तुम्ही आणि आनंदीवहिनी ठीक असाल, गिरगावात एवढा उकाडा असूनही तुम्ही दुपारी गॅलरीतच खुर्ची टाकून बसत असाल आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून त्याच्या नोकरीची चौकशी करत असाल, असं धरून चालतो. आमच्याकडे यशोदा मजेत आहे. माझं विचाराल तर मीही मजेतच आहे, फक्त जानेवारीपासून माझी लघवी इतक्यांदा तपासली गेलीय की परळच्या लॅबमधली मुलगी मला रस्त्यात ओळख दाखवते.

वहिनींनी पाठवलेलं कैरीचं लोणचं मिळालं. रंग फार सुरेख आला होता. चवीबद्दल गंगाधर सांगेल, कारण यशोदेने बरणी मला नीट दिसायच्या आत त्याच्याकडे पोचवली. असं का झालं, हे सांगायलाच लिहायला बसलोय. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला ‘बरं, ठेवतो’ म्हणता आणि खरंच ठेवता. पत्राला तशी सोय नाही.

गंगाधर म्हणजे आमच्या उगवती मंडळाचा अध्यक्ष. शाळेत पी.टी.चा सर होता. नोकरीतून निवृत्त झाला, आवाज निवृत्त झाला नाही. आम्ही दहाबाराजण रोज सकाळी पार्काला फेऱ्या मारतो आणि त्याच्या दुप्पट वेळ कट्ट्यावर बसतो, त्यालाच मंडळ म्हणायचं. मी सचिव. (निवडणूक झाली नाही. त्या दिवशी मी गैरहजर होतो, म्हणून झालो.) तर डिसेंबरात आमच्यातले एकजण यायचे बंद झाले. गावाला गेले असतील असं आम्ही समजलो. मग कळलं की त्यांचं डायलिसिस सुरू झालंय. चांगला टणक माणूस, कधी शिंकलेलाही पाहिला नव्हता. आठवडाभर कट्ट्यावर दुसरा विषय निघेना. शेवटी गंगाधर म्हणाला, आपण मूत्रपिंडाच्या तपासणीचं शिबिर घ्यायचं, सगळ्या गल्लीसाठी, फुकट. आणि सगळी कामं सचिवाने करायची.

मी केली. खोटं नाही सांगत, तात्या, मी त्या पंधरवड्यात जितके जिने चढलो तितके नोकरीच्या काळात चढलो नसेन. दारोदार जाऊन मी पाठ केलेलं भाषण करायचो. मूत्रपिंडं तक्रार करत नाहीत, निम्म्याहून जास्त काम बंद पडलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. साखर आणि रक्तदाब हे दोन मुख्य शत्रू, ते वेळेत आवरले तर पुढचं बरंचसं टळतं. मीठ कमी, तंबाखू बंद, वजन बेताचं, आणि चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी. हे मी इतक्या तळमळीने सांगत असे की तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला ‘तुम्ही डॉक्टर का?’ असं विचारलं. मी ‘नाही हो’ म्हणालो, पण अशा सुरात की थोडी शंका राहावी.

शिबिराच्या दिवशी सोसायटीचा हॉल भरला. (उपम्याचं आम्ही आधी जाहीर केलं होतं.) परळहून डॉक्टर क्षितिजा आल्या. किडनीच्याच डॉक्टर, वयाने तुमच्या सिद्धांतएवढ्या, अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक, पण नजर अशी की माणूस आपणहून जीभ बाहेर काढतो. सगळं तयार झालं आणि पहिलं कोणी उठेना. प्रत्येकजण शेजाऱ्याला ‘तुम्ही व्हा ना पुढे’ म्हणू लागला. तेव्हा गंगाधरने माइक उचलला आणि जाहीर केलं, की सुरुवात आपल्या सचिवांपासून.

मी रुबाबात बाही सरसावून बसलो. आता गंगाधरचं असं आहे की शाळेच्या खेळांच्या दिवशी शर्यतींचं वर्णन तोच करायचा. माइक हातात आला की त्याला समोर काहीतरी पळताना दिसतं. ‘सचिव बसलेत! पट्टा बांधला! हवा भरतेय!’ असं चालू झालं. लाउडस्पीकरचं तोंड रस्त्याकडे होतं. (येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलावता यावं म्हणून. ही कल्पना माझी.) डॉक्टरांनी आकडा वहीत लिहायला घेतला, तेवढ्यात गंगाधरने वाकून यंत्रात पाहिलं आणि अख्ख्या गल्लीला कळवलं, ‘एकशे अठ्ठ्याहत्तर! खालचं एकशे चार! होऊन जाऊ द्या टाळ्या!’

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तात्या. त्यांना वाटलं, जास्त म्हणजे चांगलं.

डॉक्टरांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी मला बाजूच्या खुर्चीत टेकून बसवलं, पाय जमिनीला टेकवून, न बोलता. (न बोलणं सगळ्यात जड गेलं.) थोड्या वेळाने पुन्हा मोजलं. किंचित उतरलं होतं, पण अब्रू वाचण्याइतकं नाही. मग हातात एक छोटी बाटली दिली. ती घेऊन मी परत आलो, तर त्यांनी त्यात एक पट्टी बुडवली. पिवळी राहायला हवी होती म्हणे. ती हिरवी झाली.

‘काका, लघवीतून प्रोटीन जातंय.’

‘सकाळी अंडं खाल्लं होतं,’ मी म्हणालो.

‘अंडं असं येत नाही. गाळणीची जाळी सैल झाली की प्रोटीन निसटतं. प्रेशर किती वर्षांपासून आहे?’

‘मला प्रेशर नाही.’

त्या हसल्या. मग म्हणाल्या, ‘एका पट्टीवरून घाबरायचं नाही आणि एका पट्टीवरून विसरायचंही नाही. या आठवड्यात परळला या, काकूंना घेऊन.’ काकूंना का, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय.

बाकी गल्ली बरीचशी सुखरूप निघाली. गंगाधरचं प्रेशर तर शाळेच्या पुस्तकात छापल्यासारखं, एकशेवीसवर ऐंशी. हे मला अजून सहन झालेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मला पार्कात नावाने हाक मारायची पद्धत बंद पडली. फुलवाली, वॉचमन, नेट्सवर क्रिकेट खेळायला येणारी पोरं, सगळ्यांसाठी मी ‘एकशे अठ्ठ्याहत्तरवाले काका’. बेकरीत खारी मागितली तर बेकरीवाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खारीकडे पाहिलं आणि ब्रेड पुढे केला.

परळला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, रोजची काय औषधं घेता? मी छाती काढून म्हणालो, एकही नाही. शेजारच्या खुर्चीतून यशोदा म्हणाली, ‘आणि ती गुडघ्याची?’

तर गुडघ्याची गोष्ट अशी. पार्काच्या तिसऱ्या फेरीला माझा उजवा गुडघा दुखतो. म्हणून फिरायला निघण्याआधी मी एक वेदनाशामक गोळी घेत असे. कोपऱ्यावरचा केमिस्ट न विचारता देतो, चिठ्ठी लागत नाही, मला त्यात औषधासारखं काही वाटतच नव्हतं. दोनेक वर्षं हे चालू होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘काका, तब्येतीसाठी चालता, चालण्यासाठी रोज गोळी खाता, आणि ती गोळी मूत्रपिंडांना त्रास देते. मग नेमके कुठे निघालात तुम्ही?’ गोळी त्या दिवशी बंद झाली. गुडघ्यासाठी व्यायाम दिलेत. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा आणि तो दाबून धरायचा. यशोदा शेजारी उभी राहून मोजते. गंगाधर बरा वाटावा, असं मोजते.

मग खाण्याकडे वळल्या. मी मोकळेपणाने सांगितलं: पापड दोन्ही वेळा, लोणचं, सुक्या सोड्यांची खिचडी, सुके बोंबील, चारच्या चहाबरोबर फरसाण, आणि ताकात वरून मीठ. डॉक्टर ऐकत राहिल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही जेवताय की स्वतःला खारवताय?’ दिवसभराचं मिळून चहाच्या चमच्याएवढं मीठ, त्यात पापड-लोणच्यातलंही आलं. प्रेशरची गोळी सुरू केली आणि ती रोज, बरं वाटलं तरी रोज, असं तीनदा बजावलं. रक्त तपासलं. साखर काठावर. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कचरा किती नीट काढतात ते ज्यावरून कळतं, ते ठीक आलं. ‘वेळेत आलात,’ त्या म्हणाल्या. तात्या, हे दोन शब्द माझ्या लग्नातही मला कोणी म्हटले नव्हते.

घरी यशोदेने प्रेशरचं यंत्र आणलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा मोजायचं असं ठरलं होतं. पण ती मी बातम्या बघताना मोजते, तिच्या भावाचा फोन येऊन गेल्यावर मोजते, आमचं भांडण झालं तर मिटायच्या आधी मोजते. एकदा आकडा फार वर गेला तेव्हा मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. तिने शांतपणे पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे अठरावर शहात्तर. यंत्र उत्तम आहे.

गंगाधरला बिचाऱ्याला माइकचं वाईट वाटत होतं. त्याने भरपाई म्हणून मला एक काढा आणून दिला, मूत्रपिंडं आतून धुऊन काढणारा. कडू म्हणजे किती कडू, तर दोन दिवस मला पाणीसुद्धा गोड लागलं. पुढच्या खेपेला मी बाटली कौतुकाने डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली. ‘यात काय आहे?’ मी म्हणालो, वनस्पती. ‘कुठल्या?’ बाटलीवर लिहिलं होतं, गुप्त. ‘काका, जे काही गुप्त पोटात जाईल ते गाळायचं कोणी? त्यांनीच ना?’ बाटली तिथेच राहिली. गंगाधरने मग पाकिटावर ‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ आणलं, तर तेही विचारल्याशिवाय नको म्हणाल्या, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि ते सगळ्याच मूत्रपिंडांना झेपत नाही. आता गंगाधर मला काही आणून देत नाही. फक्त आमच्याकडचं नेतो. (लोणचं.)

मार्चअखेर यशोदेने मला लालबागला पाठवलं, वर्षाचा मसाला कुटून आणायला. मिरच्या, धणे, सगळं घरी भाजून पिशवीत भरून दिलं होतं. डंकावर नंबर लावला. पुढे बरीच माणसं होती. हवेत मिरची अशी की उभा लालबाग शिंकतोय. आता तिथे उभं राहायचं आणि चिवडा गल्ली दोन पावलांवर, यात माझा काय दोष? मी पाव किलो घेतला. घरी न्यायला म्हणून. फक्त ताजा आहे की नाही ते बघायला मूठभर तोंडात टाकला, आणि समोर ओढणीने नाक दाबून, पिशवी घेऊन, डॉक्टर क्षितिजा उभ्या. त्यांच्या आईचा मसाला कुटायला आल्या होत्या.

मी पुडी पाठीमागे नेली.

‘काका, मागे काय आहे?’

‘पाठ,’ मी म्हणालो. तोंडात चिवडा असल्यामुळे ते ‘फाठ’ असं आलं.

त्यांनी हात पुढे केला. पुडी दिली. त्यांनी त्यातला मूठभर स्वतः खाल्ला, अर्धी मूठ मला दिली आणि उरलेला आपल्या पिशवीत टाकला. ‘मी काही पोलीस नाही. कधीतरी चालतं. फक्त ते कधीतरी रोज यायला नको.’

नंबर यायला वेळ होता, म्हणून आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. मशीनच्या धडधडीत त्यांनी सहज विचारलं, ‘घरात किडनीचा आजार कुणाला नाही म्हणालात. वडील कशाने गेले?’

‘म्हातारपणाने.’

‘किती वर्षांचे होते?’

‘एकसष्ट.’

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. तात्या, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. मला माझं ते ‘म्हातारपण’ अचानक इतकं खोटं वाटलं. मग मी त्यांना बाबांचं सगळं सांगितलं. जेवण नकोसं झालं तेव्हा आपण आईच्या हाताची चव बदलली म्हणालो. पाय सुजले तेव्हा म्हणालो, ऑफिसात खुर्चीवर बसून बसून. डोकं दुखायचं, त्यासाठी उशीखाली गोळ्यांची पट्टी असायची. बाबांना प्रेशर होतं हे आपल्याला कळलं ते त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेल्यावर. आणि मग ते वर्ष. आठवड्यातून दोनदा तुम्ही ऑफिसला दांडी मारून बाबांना डायलिसिससाठी जिन्यावरून जवळजवळ उचलून खाली आणायचात, टॅक्सीत बसवायचात, त्यांची मान तुमच्या खांद्यावर. मला तुम्ही कधी येऊ दिलं नाहीत. नवी नोकरी आहे, तू जा, म्हणायचात.

हे सांगताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डंकाजवळ सगळ्यांच्याच येत होतं, तेव्हा ते मिरचीचंच असावं. डॉक्टरही डोळे पुसत होत्या. ‘तुमचं प्रोटीन आज सापडलं,’ त्या म्हणाल्या, ‘बाबांचं सापडलं असतं तर तेही कदाचित कट्ट्यावर बसले असते. आईवडिलांना असेल तर मुलांनी लक्ष ठेवायचं, काका. सगळ्या मुलांनी.’ तेवढ्यात आमचा नंबर आला.

आता बरी बातमी. एप्रिलअखेर पुन्हा तपासलं. प्रेशर एकशे अठ्ठावीस. प्रोटीन बरंच कमी झालंय, थोडं अजून आहे, ते असंच सांभाळत गेलं तर वाढायचं कारण नाही म्हणतात. वजन उतरलंय, पँट खाली येते, पट्ट्याला नवं भोक पाडलंय. गुडघाही आश्चर्यकारकरीत्या गप्प आहे. (वाकण्याचा अपवाद सोडून.) आणि एक गंमत सांगतो. महिनाभराने जिभेला अळणीची सवय होते. परवा लग्नाच्या जेवणात पापडाचा तुकडा खाल्ला तर समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं झालं. हे मी यशोदेला सांगितलेलं नाही. तिचा विजय फार मोठा होईल.

वहिनींना नमस्कार, सिद्धांतला आशीर्वाद. उत्तर लिहाल अशी आशा नाही, पण गॅलरीतून दादरच्या दिशेने एकदा हात हलवलात तरी पोचेल.

तुमचा धाकटा, आणि अलीकडे अळणी,
मनमोहन

ता. क. पत्राची घडी घालू नका, मुख्य काम इथे आहे. लालबागहून निघताना डॉक्टरांनी विचारलं, भाऊ-बहीण किती? मी म्हणालो, एक थोरला भाऊ, त्याला थोडी साखर आहे. ‘थोडी म्हणजे? त्यांची लघवी शेवटची कधी तपासली?’ मी विषय बदलला. तात्या, कधी? डोळ्यांचा दवाखाना सोडला तर तुम्ही हॉस्पिटलची पायरी का चढत नाही हे मला ठाऊक आहे. बाबांना घेऊन चढलात तेवढ्या पायऱ्या तुम्हाला आयुष्यभर पुरल्या. पण बाबांना आपण नेलं तेव्हा वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्हाला न्यायचंय ते सगळं शाबूत असताना. एक बाटली, थोडं रक्त, संपलं. मला दुसरा भाऊ नाही.

आणखी एक ता. क. (फक्त आनंदीवहिनींसाठी. मोठ्याने वाचू नये.) वहिनी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून पत्रं तुम्हीच त्यांना वाचून दाखवता, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. शनिवारी सकाळी सिद्धांतने रजा टाकलीय, गाडी तोच काढेल. रक्त उपाशीपोटी द्यायचंय, तेव्हा तात्यांना चहा देऊ नका, दूध नासलं म्हणा. कुठे जायचं असं विचारलं तर मनमोहनकडे जेवायला, असं सांगा. तेही खोटं नाही. परळचं काम आटोपून सगळे इकडेच यायचंय, यशोदा ताज्या पापलेटाचं कालवण करणार आहे.

शेवटचा ता. क. तात्या, वहिनी मध्येच गप्प झाल्या म्हणून तुम्ही कागद त्यांच्या हातातून ओढून घेतलात आणि हे आता स्वतः वाचताय, हो ना? म्हणजे डोळा छान सुधारलाय. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, तर सरळच सांगतो. शनिवारी चहा न घेता खाली उतरा. मी गाडीत बसलेला असेन. या खेपेला तुम्ही कुणाला उचलायचं नाही, कुणाला सांभाळायचं नाही. नुसतं येऊन बसायचं. खिडकीकडची जागा तुमची.